खव्यात साखर नसते

ही वही दवाखान्यातून मिळाली ती साखर लिहायला. सकाळी उपाशीपोटी किती, जेवल्यावर दोन तासांनी किती. ह्यांचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, पण ह्यांचा लिहिता हातच गेला, तेव्हा ते काम चौथी पास बाईकडं आलं. आकडे पानाच्या पुढच्या बाजूला बसतात. मागची बाजू कोरी राहते. कोरं पान वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून चार माणसांत जे माझ्या तोंडातून निघालं नाही ते मी मागं लिहिते. कुणी वाचेल ही भीती नाही. आमच्या घरात पुढचे आकडेसुद्धा कुणी वाचत नाही.

आमची खव्याची भट्टी आहे, ह्यांची आणि धाकट्या दिरांची मिळून. भूमच्या बाजूला बहुतेक गावांत अशा भट्ट्या आहेत. पहाटे घरोघरचं दूध येतं, कढईत पडतं, खाली लाकडं पेटतात, आणि मग दूध आटून गोळा होईपर्यंत माणसानं लोखंडी उलथणं हलवत राहायचं. हात थांबला की खवा बुडाला लागतो. हे पंचवीस वर्षं हलवत होते. खवा झाला की नाही ते बघायची ह्यांची रीत अशी की उजव्या हाताच्या चिमटीत थोडा घ्यायचा, अंगठ्यानं त्याची गोळी वळायची. गोळी बोटाला न चिकटता वळली की खवा उतरवायचा. आणि वळलेली गोळी तोंडात टाकायची. तोंडातच का, ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. कढईगणिक एक गोळी, दिवसाला आठ-दहा कढया.

तीन वर्षांपूर्वी गावात तपासणी झाली तेव्हा ह्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोडधोड बंद सांगितलं. हे घरी येऊन हसले. म्हणाले, "खव्यात साखर नसते. साखर पेढेवाला घालतो." आमच्या गल्लीतला प्रत्येक भट्टीवाला हेच म्हणतो. जणू दूध आटवलं म्हणजे त्यातलं सगळं वर उडून गेलं आणि खाली नुसतं पुण्य राहिलं.

गोळ्या चार महिने घेतल्या. मग सोडल्या. कारण काय, तर गोळी एकदा लागली की जन्माची लागते. चहा जन्माचा लागला, तंबाखू जन्माची लागली, त्याचं काही नाही. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्यात तसबिरीच्या मागं ठेवली. ती देवानं खायची, असा हिशेब असावा. मी रोज पूजा करताना ती पाकिटं बघत होते आणि फुलं वाहून उठत होते.

आखाडातल्या एका सकाळी ह्यांच्या हातातून उलथणं कढईत पडलं. भट्टीवर पहिली हाक उठली ती खव्यासाठी. "दादा, लागतोय, लागतोय," असं दीर म्हणत राहिले. हे उलथणं काढायला वाकले, पण हातच उचलेना. तोंड एका बाजूला गेलं, लाळ गळायला लागली. मग त्यांना बाजेवर बसवून सगळ्यांनी मिळून ठरवलं की पित्त झालंय. पित्तावर गुळाचं पाणी. तांब्याभर गुळाचं पाणी ह्यांना पाजलं, निम्मं सदऱ्यावर सांडलं, आणि मला बोलवायला माणूस पाठवला.

मी तोंड बघितलं आणि ओळखलं. माझ्या मावशीला हेच झालं होतं. मी दिरांना हळूच म्हणाले, भावजी, हा लकवा दिसतोय. ते म्हणाले, व्हय, आता मलाबी तसंच वाटतंय. मला बरं वाटलं की ऐकलं. पण लकवा म्हटल्यावर त्यांना दवाखाना आठवला नाही, लकव्याचं औषध देणारं एक गाव आठवलं. जीप केली. तिथं रांग होती. लकवा झालेली माणसं पोत्यासारखी टेकवून ठेवली होती आणि घरचे लोक एकमेकांना धीर देत होते. आमचा नंबर दुपारी लागला. औषध कालवलं होतं तेही गुळातच. देणारा माणूस म्हणाला, यावर दवाखान्याचं औषध चालत नाही, सात दिवस थांबा. संध्याकाळी हे डोळे उघडेनात तेव्हा सातातला पहिला दिवसही पुरा न होता दिरांचा विश्वास उडाला आणि आम्ही बार्शीला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न वेळेचा विचारला. मग सांगितलं की मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर ती विरघळवायचं इंजेक्शन बघता आलं असतं, आता ती वेळ गेली. साखर चारशेच्या घरात होती. दोन वेळा गूळ खाल्लेल्या माणसाची ती कुठं असणार. डॉक्टर म्हणाले, झटक्याच्या वेळी साखर इतकी चढलेली असली की मेंदूचं नुकसान वाढतं, आणि नंतर सुधारायलाही वेळ लागतो. मग विचारलं, साखरेच्या गोळ्या वेळेवर चालू होत्या का?

दीर म्हणाले, "चालू हायेत की. रोज घेतोय."

मी पडद्याजवळ उभी होते, पदर दातात धरून. माझ्या डोळ्यांपुढं तसबिरीमागची पाकिटं होती. मी बोलले नाही. परक्या माणसासमोर बोलायची आपल्याला सवय नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. आता लिहायला बसल्यावर मला ते कारण गुळाच्या पाण्याइतकंच शहाणपणाचं वाटतं.

बारा दिवसांनी घरी आलो. पाय महिनाभरात बराच आला, काठी धरून अंगणापर्यंत. हात मात्र खांद्यापासून लोंबत होता, वाळत घातलेल्या ओल्या सदऱ्याच्या बाहीसारखा. ह्यांचं सगळं चित्त त्या हातात. जीभ जड झाली होती, तरी रोज एकच विचारायचे, "उलथणं धरता येईल का?" दिरांनी भट्टीवर एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाले, दादा, तुमी नुस्तं बसा, नजर ठेवा. ते प्रेमानं म्हणाले असतील. पण पंचवीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याला काय कळायचं ते कळतं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. आठवड्यातून दोनदा आम्ही तिच्याकडं जायचो. ती माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलायची ती दिरांशी नाही, माझ्याशी. तिनं मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. मेंदूतली बुजलेली वाट परत उघडत नाही. तिच्या शेजारून नवी पायवाट पडते, पण रोज त्याच जागेवरून चाललं तर. हात रोज हलवला, बोटं रोज उघडली-मिटली, तर ती वाट मळते. पहिले सहा महिने जे यायचं त्यातलं बरंच येतं, पुढं कमी कमी. आणि साखर चढलेली राहिली तर त्या वाटेवर रोज चिखल. माणूस थकलेला राहतो, व्यायाम होत नाही, खांदा आखडतो, पायाला जखम झाली तर कळत नाही आणि भरत नाही. ती म्हणाली, "मावशी, हात माझ्याकडं नाही बरा होणार. तुमच्या चुलीवर होईल."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली होती. साखर चढते तशी ती एकदम उतरूही शकते. मग दरदरून घाम, थरथर, बरळणं, आणि कधी कधी लकव्याची बाजू पुन्हा लुळी पडते. घरचे म्हणतात दुसरा झटका आला. तसं झालं तर आधी बोट टोचून मशीनवर बघायचं. साखर उतरलेली असली आणि माणसाला गिळता येत असलं तर लगेच साखर द्यायची. गिळता येत नसलं तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. मी मान हलवली. मला साखर चढते एवढंच लक्षात ठेवायचं होतं, कारण आमच्याकडं साखर उतरण्याची चिन्हं नव्हती.

ती का उतरत नव्हती तेही लिहिते. पेढ्याच्या मुलखात आजारी माणसाला बघायला येणारा काय आणणार? पेढे. कुणी खवा. एक जण भेटायला आला तो गुलाबजाम घेऊन. येणाऱ्यानं बाजेच्या कडेला बसायचं, कोणाला लकवा झाला आणि तो कितव्या दिवशी गेला ते सांगायचं, आणि उठताना पुडा उघडून एक पेढा ह्यांच्या तोंडाशी न्यायचा. मी हात मध्ये केला की म्हणायचं, "एकानं काय होतंय?" असे एकानं काय होतंय म्हणणारे पहिल्या आठवड्यात चौदा आले. प्रत्येकाचा एकच पेढा. त्यांना वाटायचं की ह्यांच्या आयुष्यात तेवढाच एक पेढा आहे आणि मी तोही तोडते आहे. बायका बाहेर पडताना म्हणायच्या, लई कडक झालीया, नवऱ्याला घासभर गोड देईना. लोकांनी मला आयुष्यात कधी कडक म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांनी म्हटलं तेही पेढ्यावरून.

तोंडानं नाही म्हणायला मला जमत नव्हतं, म्हणून मी पुडे आत नेऊन परसात कुत्र्याला घालायला लागले. दोन महिन्यांत कुत्रं इतकं सुटलं की अनोळखी माणूस आला तरी बसूनच भुंकायचं. पेशंटला बघायला येणाऱ्यांनी त्याची तब्येत बघून समाधान मानलं असतं तर बरं झालं असतं.

वन्संचा प्रसाद मात्र कुत्र्याला घालता येत नव्हता. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, येरमाळ्याला दिलेली. देवीच्या वाटेवर त्यांचं नारळ-हाराचं दुकान आहे. भावावर जीव आहे त्यांचा, तो मी नाकारत नाही. दर शुक्रवारी एसटीनं यायच्या, येताना पिशवीत अंगारा, तीर्थ आणि मूठभर बत्तासे. ह्यांच्या तोंडात बत्तासा घालायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, प्रसादाला साखर लागत न्हाय. खव्यात नसते, प्रसादाला लागत नाही. मग एवढी साखर दुकानातून जाते कुठं, हा प्रश्न मला पडायचा. उरलेले बत्तासे मीच खाऊन टाकायची. माझी साखर अजून कुणी बघितलेली नाही.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी बघितलं की गोळ्यांनी भागत नाही, आणि पोटात घ्यायची इंजेक्शनं चालू केली. घरात सुतक आल्यासारखं झालं. आमच्याकडं समज असा की इंजेक्शन लागलं म्हणजे संपलं. वन्सं रडल्या. चारशे साखर असताना कुणी रडलं नव्हतं, तेव्हा गूळ पाजला होता. सकाळी भाकरीच्या आधी मी इंजेक्शन द्यायची तर हे भिंतीकडं तोंड करायचे आणि म्हणायचे, दार लाव. बोट टोचायला मात्र आपण होऊन उजवा हात पुढं करायचे. "हितंच टोच. त्याला काय कळतंय?" खरंच कळायचं नाही. सुई जायची, रक्ताचा थेंब यायचा, आणि बोट लाकडाच्या बोटासारखं तसंच पडून राहायचं.

पण इंजेक्शन चालू झाल्यापासून पुढच्या बाजूचे आकडे खाली यायला लागले. दुपारी झोपून राहणारा माणूस बसून व्यायाम करायला लागला. मी परातीत कणकेचा गोळा द्यायची, तो दाबायचे. तीन आठवड्यांत बोटं मिटायला लागली, मग थोडी उघडायला. अंगठा अजून येत नव्हता. पण चार बोटं हलताना बघून हे एका सकाळी माझ्याकडं बघून हसले, अर्धं तोंड वाकडं असताना जेवढं हसता येतं तेवढं.

तेवढ्यात वन्संनी नवस बोलला. हात बरा झाला तर चैत्रातल्या जत्रेत, येरमाळ्याच्या चुन्याच्या रानात, भाऊ त्याच हातानं देवीला वाहायचे चुनखडीचे खडे वेचील. आणि तोवर पाच शुक्रवार उपवास. पहिल्या शुक्रवारी साबुदाणा झाला, रताळं झालं, संध्याकाळी साखर बघितली तर पुन्हा आभाळात. मी वन्संना धीर करून सांगितलं की साबुदाणा ह्यांना चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाल्या, "मग निरंकार कर म्हणावं. खायाचंच न्हाय तर साखर येईल कुठनं?"

हे सगळ्यांना पटलं. ह्यांना पटलं, दिरांना पटलं. मला पटलं, हे मी खाडाखोड न करता लिहिते. इंजेक्शन द्यायला शिकवणाऱ्या नर्सबाईनं बजावलं होतं की इंजेक्शन चुकवायचं नाही. वन्संनी बजावलं होतं की उपवास चुकवायचा नाही. मी आज्ञाधारक बाई. शुक्रवारी सकाळी न चुकता इंजेक्शन दिलं आणि न चुकता भाकरी दिली नाही. एका बाईला दोन माणसांचं ऐकायची सवय लागली की ती दोघांच्या मध्ये स्वतःचं डोकं घालत नाही.

हे काठी टेकत भट्टीवर गेले आणि खुर्चीत बसले. अकराच्या सुमाराला त्यांना घाम फुटला असणार. पण भट्टीशेजारी बसलेल्या माणसाचा घाम कोण बघतं? तिथं सगळ्यांनाच घाम. मग ते म्हणायला लागले, दूध परत पाठवा, दूध परत पाठवा. त्यावर माणसं हसली. दीर म्हणाले, दादा आता मालकावानी बोलायला लागले. मग मान एका बाजूला पडली, तोंड वाकडं झालं आणि नुकतीच हलायला लागलेली बोटं पुन्हा मेली. तेव्हा हसू थांबलं.

मी पोचले तेव्हा वन्सं माझ्या आधी तिथं होत्या, एसटीतून उतरून थेट भट्टीवर. आठ-दहा माणसं गोळा झाली होती. दुसरा झटका आला हे ठरून गेलं होतं. दीर जीपवाल्याला फोन लावत होते, आणि दवाखान्यासाठी नाही, त्याच औषधाच्या गावासाठी. मागच्या टायमाला पायाला तिथंच गुण आला, असं ते लोकांना सांगत होते. पाय महिनाभर मी चोळला होता, त्याचं श्रेय असं गुळात कालवून गेलं.

मी ह्यांच्या मानेला हात लावला. दोन हातांवर जाळ चालू होता आणि मान थंडगार, सदरा पाठीला चिकटलेला. ती मुलगी आठवली. मशीन मी कमरेच्या पिशवीत ठेवायची, कारण घरात ठेवलं की कुणीतरी खेळायला घ्यायचं. उजवंच बोट टोचलं. आकडा आला एक्केचाळीस.

मी म्हणाले, "साखर आणा."

कुणी हललं नाही. वन्सं माझ्यावर धावून आल्या. "साखरंनंच ह्यो दिस दावलाय, आन तू आणिक साखर घालतीस? आज निरंकार हाय त्याचा."

आणि दुसरी गोष्ट अशी की भट्टीवर साखर नव्हती. दुधाच्या एवढ्या कढया, खव्याच्या एवढ्या पाट्या, आणि अख्ख्या भट्टीवर चमचाभर साखर नाही. ह्यांचं म्हणणं खरं ठरलं. खव्यात साखर नसते, ती पेढेवाल्याकडं असते. घर तिथून दहा मिनिटांवर.

माझी नजर वन्संच्या पिशवीवर गेली. मी म्हणाले, "वन्सं, बाजूला सरा." लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांना मी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या सरल्या. माझा आवाज मोठा नव्हता, पण आश्चर्यानं माणूस सरतो. मी पिशवीत हात घातला, बत्तासे काढले, तांब्यात चुरगाळले. ह्यांना दिरांकडून ताठ बसवून घेतलं, आधी एक चमचा पाणी देऊन गिळतात का बघितलं. गिळलं. मग चमच्या-चमच्यानं बत्ताशाचं पाणी पाजलं. वन्सं मागं उभ्या राहून देवीचं नाव घेत होत्या. दीर फोन कानाला लावून तसेच. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही, आणि तेवढ्यात मला मनातून खात्री झाली की मीच ह्यांना मारते आहे, सगळ्यांच्या देखत, चमच्यानं.

पाव तासानं ह्यांनी डोळे नीट उघडले. तोंड जेवढं आधी वाकडं होतं तेवढ्यावर आलं. बोटं हलली. हे इकडंतिकडं बघून म्हणाले, "खवा लागला का?"

लागला होता. त्या गडबडीत कढईकडं कुणी बघितलंच नव्हतं. मी पुन्हा बोट टोचलं, साखर वर आली होती. घरून वरण-भाकरी मागवली आणि सगळ्यांसमोर ह्यांना खाऊ घातली. वन्सं म्हणाल्या, उपवास मोडला. मी म्हणाले, मोडला.

त्याच दुपारी आम्ही बार्शीला गेलो. डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण कमी केलं आणि विचारलं, इंजेक्शन घेऊन उपाशी राहायला कुणी सांगितलं? दिरांना त्या वेळी छताचा पंखा फार आवडला. वन्संनी पदर सारखा केला. मी म्हणाले, इंजेक्शन मी दिलं आणि जेवायला मी दिलं नाही. आणि साहेब, गोळ्या ह्यांनी चार महिन्यांतच सोडल्या होत्या, तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. घरी येताना जीपमध्ये हे म्हणाले, "सांगायची काय गरज हुती?" ज्या माणसानं पाकिटं देवामागं लपवली त्याला गरज सांगत बसायची मला गरज वाटली नाही.

आता गावात ही हकीगत अशी सांगतात की दुसरा झटका आला होता, आणि देवीच्या बत्ताशानं माणूस उठून बसला. वन्संच्या दुकानात बत्ताशाला मागणी आली असेल तर नवल नाही. मशीनचं नाव कुणी घेत नाही, बोट टोचलेलं कुणी बघितलेलं नाही. एक म्हातारी मला विचारायला आली की माझ्या लेकाला लकवा झालाय, बत्तासे किती द्यायचे? मी तिला म्हणाले, एकही नाही, आधी साखर बघा. ती नाराज होऊन गेली. जाताना म्हणाली असेल, कडक आहे.

तेव्हापासून इंजेक्शन आणि भाकरी एका ताटात येतात. नवसाचे उरलेले शुक्रवार वन्सं स्वतः करतात, त्यांना साखर नाही, त्यांचं त्या बघतील. पुढच्या बाजूचे आकडे आता एका ओळीत चालतात, फार वर नाही, फार खाली नाही. व्यायामवाल्या मुलीनं कार्तिकानंतर कणीक बंद करून गव्हाचे दाणे दिले, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चिमटीनं टाकायला. पूस महिन्यात चिमटीत दाणा थांबायला लागला. अंगठा आला. पण हात कोपरापासून वर उठत नव्हता. घास डाव्या हातानंच. ती म्हणाली, तोंडापर्यंत पोचला की समजा मोठा डोंगर चढला.

परवा, माघाच्या पहिल्या आठवड्यात, मी ह्यांचं जेवण घेऊन भट्टीवर गेले. दीर कढईवर होते. ह्यांनी खुर्चीतूनच विचारलं, झाला का? दीर म्हणाले, झाला असंल. हे उठले, काठी भिंतीला लावली, उलथण्यावरचा खवा उजव्या हाताच्या चिमटीत घेतला आणि अंगठ्यानं वळायला लागले. वेळ लागला. गोळी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा वळली, न चिकटता. हे म्हणाले, "उतरव." दिरांनी मुकाट्यानं कढई उतरवली. मी डबा धरून उभी, माझे डोळे भरून आले.

आणि मग तो हात वर उठला. कोपर उचललं गेलं, मनगट थरथरलं, खांदा कानापर्यंत गेला, पण हात चढत राहिला. हनुवटी, ओठ. सात महिने ज्याची वाट बघितली तो हात पहिल्यांदा ह्यांच्या तोंडापर्यंत पोचला. आणि पोचला तो खव्याची गोळी घेऊन. हे डोळे मिटून चघळत होते.

मी डबा खाली ठेवला, मशीन काढलं, आणि तोच हात धरून तेच बोट टोचलं.

ह्यांनी हात मागं ओढला. "हळू की. दुखतंय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं ते काय बोलले. मी पुन्हा एकदा टोचलं, यंत्रात थेंब नीट गेला नाही असं सांगून. पुन्हा ओढला. दिरांना म्हणाले, बघ की, सुई खुपसतीया. थेंब नीट गेला होता. आकडा पुढच्या बाजूला लिहिला आहे. वाढला आहे, थोडा. खव्यात साखर नसते, असं हे अजूनही म्हणतात.